ग्राउंड खराब असेल तर अंडरग्राउंड खाणीत काय करायचं

"इथलं ग्राउंड खराब आहे" हे वाक्य खाणीत उठता बसता ऐकू येतं, पण खराब म्हणजे कसं खराब असं विचारलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा हात वर करतो. खरं तर सगळी मेथड त्या उत्तरावरच ठरते. तुकडे तुकडे झालेला दगड वेगळा, दाबाखाली हळूहळू आत सरकणारा मऊ दगड वेगळा, पाणी धरून बसलेला वेगळा, आणि दिसायला एकदम टणक पण खोलवर गेल्यावर अचानक फुटणारा दगड तर त्याहून वेगळा. एकाला जे औषध चालतं ते दुसऱ्याला घात करतं, त्यामुळे बोल्ट, म्हणजे छत धरायला दगडात बसवायच्या लोखंडी सळ्या, किती लावायचे हा प्रश्न नंतरचा.

आपल्या हातात मुळात तीन गोष्टी असतात. किती रुंद उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं आणि सपोर्ट फेसच्या, म्हणजे खोदकामाच्या पुढच्या तोंडाच्या, किती जवळ आणायचा. दगडच सुधारायचा असेल तर ग्राउटिंग (भेगांत सिमेंट दाबून भरणं) आणि फ्रीझिंग (दगडातलं पाणी गोठवणं) आहे, पण ते खर्चिक काम आहे, त्यावर पुढे येतो. माझं स्पष्ट मत असं की खराब ग्राउंडमध्ये जितके घोटाळे होतात त्यातले बरेचसे स्पॅन, म्हणजे उघड्या जागेची रुंदी, कमी करायची तयारी नसल्यामुळे होतात, लोक मोठा स्टोप (खनिज काढायची पोकळी) तसाच ठेवून बोल्टची संख्या वाढवत बसतात आणि बोल्टच्या लांबीच्या वरूनच सगळा स्लॅब खाली येतो.

आधी दगड ओळखा

कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडाच्या कांड्यांची पेटी, उघडून आरक्यूडी (दगड किती अखंड आहे त्याची टक्केवारी) काढणं ही पहिली पायरी, म्हणजे १० सेमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले एकूण ड्रिल केलेली लांबी. सोपं आहे पण फसवं पण आहे. ड्रिलर कोअर काढताना जे तुकडे पाडतो ते मोजले तर आकडा उगाच खाली येतो, आणि उलट बाजूने, पूर्ण बॉक्समध्ये आरक्यूडी ८० आहे आणि मध्ये बोटभर जाडीचा ग्रॅफाइटचा चकचकीत पट्टा आहे, तर तो पट्टाच उद्या छत पाडणार, आकड्यात तो दिसतच नाही. म्हणून कोअरला हात लावून बघा. जॉइंटच्या, म्हणजे दगडातल्या नैसर्गिक भेगेच्या, पृष्ठभागावर नख फिरवा, गुळगुळीत आणि साबणासारखं लागलं तर क्लोराइट, टाल्क किंवा ग्रॅफाइट असायची शक्यता धरा आणि तिथल्या घर्षणावर भरवसा ठेवू नका.

अजून एक फुकटची टेस्ट म्हणजे काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि अंगठ्याएवढा सुका तुकडा त्यात टाकून ठेवा. काही दगड तसेच बसून राहतात, काहींच्या कडेने आधी बारीक बुडबुडे येतात, मग पापुद्रे सुटतात आणि थोड्या वेळात तळाशी नुसता चिखल उरतो. असा दगड असेल तर त्यात फुगणारी माती आहे असं समजून चाला. ड्रिलिंगचं पाणी फ्लोअरवर साचू द्यायचं नाही, नाली आधी काढायची आणि उघडा दगड लगेच शॉटक्रीटने, म्हणजे फवारून मारलेल्या काँक्रीटने, झाकायचा, कारण दमट हवेने पण तो सुटायला लागतो.

आता क्लासिफिकेशन, म्हणजे दगडाला दर्जाचे मार्क देणं. बिएनियावस्कीने १९७३ साली आरएमआर मांडलं आणि बार्टन, लीन, लुंडे या तिघांनी १९७४ साली क्यू सिस्टिम, आजही जगभर हेच दोन जास्त चालतात. आरएमआर ० ते १०० असतं आणि त्यात दगडाची ताकद, आरक्यूडी, जॉइंटमधलं अंतर, जॉइंटची अवस्था, पाणी असे मार्क देऊन शेवटी जॉइंटच्या दिशेचे मार्क कापतात. यातला सगळ्यात कामाचा भाग मला स्टँड-अप टाइम वाटतो, म्हणजे सपोर्टशिवाय छत किती वेळ उभं राहील. आरएमआर ४१ ते ६० मध्ये असेल तर ५ मीटर स्पॅन साधारण आठवडाभर, २१ ते ४० मध्ये २.५ मीटर स्पॅन साधारण १० तास, आणि त्याच्या खाली गेलं की १ मीटर स्पॅन अर्धा तास. हे अंदाज आहेत, पण त्यातून काय समजतं बघा, ग्राउंड दोन क्लास खाली गेलं की आठवड्याचा हिशोब मिनिटांवर येतो. मग "बोल्टिंग पुढच्या शिफ्टला करू" हे वाक्य तिथे चालतच नाही.

ड्रिफ्ट पुढे न्यायची कशी

ड्रिफ्ट म्हणजे खाणीतला आडवा बोगदा. त्यात राउंड, म्हणजे एका ब्लास्टमध्ये पुढे जायची लांबी, छोटा करा. चांगल्या दगडात ३-४ मीटरचा राउंड मारतात तिथे दीड-दोन मीटरवर या, फार वाईट असेल तर एक मीटरवर. मिटिंगमध्ये यावरून कटकट होते की मीटर कमी पडतात, पण एक फॉल, म्हणजे कोसळलेला ढिगारा, उपसायला जितक्या शिफ्ट जातात त्यात किती छोटे राउंड झाले असते हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. बाहेरच्या कडेची भोकं जवळ जवळ, साधारण ४० ते ६० सेमीवर घ्या आणि त्यात चार्ज हलका ठेवा. ब्लास्ट झाल्यावर भिंतीवर अर्ध्या भोकाचे पन्हाळीसारखे ठसे दिसले तर ब्लास्टिंग नीट आहे, आणि अजिबात दिसत नसतील तर एक तर दगडच तसा आहे नाहीतर आपणच तो फोडून ठेवतोय, आणि बऱ्याचदा दुसरं कारण निघतं.

धूर निघाल्यावर ड्रेसिंग, म्हणजे सुटे दगड पहारेने पाडणं. नेहमी सपोर्टेड छताखाली उभं राहून पुढे पहार घालायची, मागे पळायला वाट मोकळी, आणि पहारेवर एक माणूस तर छतावर नजर ठेवायला दुसरा. पहारेने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की वर कप्पा सुटलाय. आवाजाबरोबर पहार धरलेल्या हाताला येणारी थरथर पण सांगून जाते, सुटलेल्या दगडाला ठोकलं की हाताला तो हलल्यासारखा लागतो. फार तुटक्या ग्राउंडमध्ये मात्र ड्रेसिंग संपतच नाही, जितकं पाडाल तितकं अजून सुटत जातं आणि छत घुमटासारखं वर चढतं. अशा वेळी मोठे मोठे सुटे तुकडे मशीनने काढून लगेच ५ सेमीचा शॉटक्रीटचा थर मारायचा आणि मग त्यातून बोल्ट आणि जाळी.

शॉटक्रीट मारायच्या आधी भिंत पाण्याने धुवा, धुळीवर मारलेला थर दगडाला चिकटत नाही, तो नुसता लटकतो. फुगणाऱ्या मातीच्या दगडात मात्र पाण्याऐवजी हवेने साफ करा. नोझल भिंतीला काटकोनात, अंतर एक ते दोन मीटर, आणि खालून वर यायचं म्हणजे रिबाउंडचा, म्हणजे भिंतीवरून उडून पडलेला, कचरा आत अडकत नाही. जिथून पाणी गळतंय तिथे आधी पाइप घालून पाणी बाजूला काढा, नाहीतर थराच्या मागे प्रेशर साठतं आणि तो पत्र्यासारखा सुटून येतो. ताज्या शॉटक्रीटखाली माणूस सोडायचा नाही, बऱ्याच खाणी १ मेगापास्कल ताकद आल्याशिवाय आत जाऊ देत नाहीत, आणि ती घड्याळ बघून ठरवायची नसते, टेस्ट करून ठरवायची.

फेसच्या वरूनच माती सुटत असेल तर स्पायलिंग करा. ३ ते ६ मीटरचे लोखंडी बार किंवा पाइप, छताच्या कडेने २०-४० सेमीवर एक, ५ ते १५ अंश वरच्या दिशेने पुढच्या न खोदलेल्या दगडात घालायचे आणि ग्राउट करायचे. मग त्या छत्रीखाली छोटा राउंड घ्यायचा आणि बारची मागची टोकं स्टीलच्या सेटवर (आधाराच्या चौकटीवर) किंवा जाड शॉटक्रीटच्या कमानीवर टेकवायची. पुढची ओळ घालताना आधीच्या ओळीशी निदान मीटरभर ओव्हरलॅप ठेवा. इथेच लोक घाई करतात, शेवटचा मीटर पण खोदून टाकतात, आणि नेमकं त्या जागी छत्रीला पुढे आधारच नसतो.

बोल्टबद्दल थोडं

लांबीचा ढोबळ नियम: ६ मीटरपर्यंतच्या स्पॅनला स्पॅनच्या निम्मा बोल्ट, आणि लांबी ही दोन बोल्टमधल्या अंतराच्या निदान दुप्पट. खराब ग्राउंडमध्ये अंतर एक मीटरच्या आसपास येतं. पण वेज, म्हणजे भेगांनी सुटा झालेला पाचरीसारखा तुकडा, पडणारा असेल तर हा नियम बाजूला ठेवा, वेजची उंची जॉइंटच्या दिशांवरून काढा आणि बोल्ट त्याच्या वर मीटरभर तरी घुसला पाहिजे असं बघा.

स्प्लिट सेट (चिरलेल्या नळीचा बोल्ट) पटकन बसतो म्हणून सगळ्यांना आवडतो, पण त्याची पूर्ण पकड भोकाच्या मापावर आहे. भोक बोल्टपेक्षा किंचित लहान असावं लागतं, आणि मऊ दगडात बिट हलून भोक एक-दोन मिमी मोठं झालं की बोल्ट हाताने आत जातो, आणि असा बोल्ट म्हणजे शोभेची वस्तू. रेझिन, म्हणजे कॅप्सूलमधल्या गोंदाने चिकटणाऱ्या, बोल्टचं दुखणं दुसरं. तुटक्या दगडात रेझिन भेगांमध्ये पळून जातं, भोक मोठं असेल तर कॅप्सूलचं प्लास्टिक बारभोवती मोज्यासारखं गुंडाळून बसतं आणि मिक्सिंग होत नाही, आणि ऑपरेटरने सांगितलेल्या सेकंदांपेक्षा जास्त फिरवलं तर सेट होत आलेलं रेझिन तुटतं. स्वेलेक्ससारखा पाण्याच्या प्रेशरने, साधारण ३०० बारवर, फुगवलेला बोल्ट खडबडीत भोकात बरा बसतो, पण गंजणाऱ्या पाण्यात त्याचा पत्रा लवकर जातो. कुठलाही बोल्ट घ्या, पुल टेस्ट (बोल्ट ओढून पकड बघणं) त्या जागच्या दगडात करा, कॅटलॉगमधला आकडा दुसऱ्याच दगडातला असतो.

स्टोपिंगची मेथड

ओपन स्टोप, म्हणजे माल काढताना मोकळी ठेवलेली मोठी पोकळी, झेपेल का हे बघायला मॅथ्यूजचा स्टॅबिलिटी ग्राफ वापरतात, १९८० च्या सुमाराचा, पुढे पॉटविनने १९८८ मध्ये सुधारलेला. त्यात लागतो हायड्रॉलिक रेडियस, म्हणजे भिंतीचं क्षेत्रफळ भागिले परीघ. हँगिंग वॉल, म्हणजे खनिजाच्या वरच्या बाजूची भिंत, २० बाय ३० मीटरची असेल तर ६०० भागिले १००, म्हणजे ६. तीच भिंत लांबीने निम्मी केली, २० बाय १५, तर ३०० भागिले ७०, म्हणजे ४.३. बरेच स्टोप जे ६ ला कोसळतात ते ४ ला भराई होईपर्यंत टिकतात. म्हणून केबल बोल्टची (लांब तारेच्या दोराचे बोल्ट) ऑर्डर द्यायच्या आधी स्टोपची लांबी तोडून बघा. आणि स्टोप उघडला की वेळ मोजायला लागा, माल काढायला मशीन मिळालं नाही म्हणून महिनाभर रिकामा ठेवलेला स्टोप खराब ग्राउंडमध्ये डायल्यूशनचा कारखाना असतो, म्हणजे हँगिंग वॉल सुटत राहते आणि आपण फुकटचा दगड वर ओढत राहतो.

छोटा स्टोप पण झेपत नसेल तर कट अँड फिल. एक थर काढायचा, भरायचा, त्यावर चढून पुढचा. पण खालून वर जाताना प्रत्येक थराला आपल्या डोक्यावर नवीन, तोच खराब दगड येतो. ओअरच (खनिजाचा दगडच) भुसभुशीत असेल तर हे उलटं करा, वरून खाली या. अंडरहँड कट अँड फिलमध्ये वरचा थर काढून त्यात सिमेंट घातलेली भराई करतात आणि मग त्या भराईच्या खाली काम करतात, म्हणजे डोक्यावर निसर्गाचं छत नसतं, आपण बनवलेलं असतं, ज्याची ताकद आपल्याला माहीत असते. अमेरिकेत आयडाहोच्या लकी फ्रायडे खाणीने १९८० च्या दशकात रॉकबर्स्टच्या, म्हणजे दगड अचानक फुटण्याच्या, त्रासामुळे हा रस्ता धरला, आणि नेवाडातल्या कमकुवत दगडाच्या सोन्याच्या खाणींमध्ये सिमेंटेड रॉकफिलच्या खाली ड्रिफ्ट मारणं हे रोजचं काम आहे. माझ्या मते ही मेथड लोक उगाच शेवटचा उपाय म्हणून ठेवतात. सिमेंटचा खर्च डोळ्यात भरतो, पण बोल्टिंग, फॉल आणि मागे सोडावे लागणारे पिलर (दगडाचे खांब) यांचा खर्च वेगवेगळ्या खात्यात विखुरलेला असतो म्हणून कुणाला दिसत नाही.

अंडरहँडमध्ये काम भराईच्या दर्जावर आहे, त्यामुळे थोडं बारकाईने. भराई टाकायच्या आधी फ्लोअरवर फूटभर तुटलेला माल मुद्दाम सोडतात, म्हणजे खालचा ब्लास्ट मारताना भराईच्या तळाला धक्का कमी बसतो. त्या मालात उभे बार रोवतात, काही ठिकाणी जाळी अंथरतात, मग ओततात. खाली आल्यावर त्याच बारची टोकं छतातून लोंबताना दिसतात आणि त्यांना प्लेट-नट लावून सपोर्ट तयार. एक थर शक्यतो एका दमात ओता. मध्येच प्लांट बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी वरून ओतलं तर मध्ये आडवा कोल्ड जॉइंट राहतो आणि पुढे त्याच रेषेवर पातळ लादी सुटून खाली येते. असं झालं तर नकाशावर ती जागा मार्क करून ठेवा, खाली काम करणाऱ्याला ती कळलीच पाहिजे. भराई छतापर्यंत ठासून भरा, रॉकफिल असेल तर जॅमर लावलेल्या मशीनने ढकलून, कारण वर राहिलेली पोकळी म्हणजे वरच्या दगडाला सुटायला दिलेली जागा. आणि खालचे ड्रिफ्ट वरच्या ड्रिफ्टच्या बरोबर खाली घेऊ नका, सरकवून किंवा तिरके घ्या, म्हणजे दोन भराईंमधला सांधा डोक्यावर मधोमध येत नाही.

हायड्रॉलिक फिल, म्हणजे पाण्यातून वाहून आणलेली वाळूची भराई, वापरत असाल तर बॅरिकेडवर, म्हणजे ती अडवणाऱ्या भिंतीवर, लक्ष ठेवा. पाणी निचरत नसेल तर आतली वाळू पातळ राहते आणि सगळं प्रेशर भिंतीवर येतं. २००० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्राँझविंग सोन्याच्या खाणीत बॅरिकेड फुटून तिघांचा जीव गेला. खालून निघणारं पाणी रोज मोजा, आत टाकलेल्या पाण्याशी ताळमेळ लागत नसेल तर ओतणं थांबवा आणि बॅरिकेडच्या समोरच्या ड्रिफ्टला कुणालाही जाऊ देऊ नका. पेस्ट फिलमध्ये (घट्ट लगद्याची भराई) पाणी कमी सुटतं, तरी आधी ब्रो, म्हणजे ड्रिफ्ट स्टोपला मिळते तिथली छताची कड, झाकेपर्यंत प्लग (खालचा पहिला थर) ओतून तो सेट होऊ द्यायचा आणि मग बाकीचं.

दगड इतका कमकुवत की धरूनच ठेवता येत नाही, ओअरबॉडी मोठी आहे आणि वरची जमीन खचली तरी चालणार आहे, तर केव्हिंगचा, म्हणजे दगड मुद्दाम कोसळू देऊन खालून माल काढायचा, विचार करा. स्वीडनच्या किरुनात सबलेव्हल केव्हिंगच चालतं. मात्र केव्हिंगला खराब दगड चालतो हे स्टोपपुरतं खरं, प्रॉडक्शन ड्रिफ्ट त्याच दगडात असतात आणि त्या टिकवण्यातच जीव जातो.

दाबणारं आणि फुटणारं ग्राउंड

सरकणाऱ्या ग्राउंडमध्ये कडक सपोर्ट लावून दगडाशी कुस्ती खेळू नका, दगडच जिंकतो. होएक आणि मारिनोस यांनी २००० साली दिलेला ढोबळ हिशोब असा की ड्रिफ्ट व्यासाच्या १ टक्क्यापेक्षा कमी आत आला तर फारसा त्रास नाही, अडीचच्या वर गेला तर गंभीर, पाचच्या वर अतिगंभीर. ५ मीटरच्या ड्रिफ्टला ५ टक्के म्हणजे पाव मीटर. तिथे सरकून देणाऱ्या कमानी, वाकणारे बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीटमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटी लागतात. आकार चौकोनी ठेवू नका, गोल किंवा घोड्याच्या नालासारखा, आणि फ्लोअर फुगत असेल तर खालून पण कमान बंद करा. शिस्टसारखा पापुद्र्यांचा दगड असेल तर ड्रिफ्ट पापुद्र्यांना आडवी घ्या. समांतर घेतली तर बाजूच्या भिंती पुस्तकाच्या पानांसारख्या वाकून आत येतात, आणि नुसती दिशा फिरवल्याने जितका फरक पडतो तितका दुप्पट बोल्ट लावून पडत नाही.

फुटणाऱ्या ग्राउंडचं गणित खोलीवर आहे. उभा दाब साधारण ०.०२७ गुणिले खोली मीटरमध्ये, म्हणजे १००० मीटरवर २७ मेगापास्कल, आणि ड्रिफ्टच्या कडेला तो अजून वाढतो. इथे ऊर्जा झेलणारे कोन बोल्ट किंवा डी-बोल्ट, त्यावर जाळी, आणि ब्लास्टनंतर सेस्मिक, म्हणजे दगडाचे हादरे, शांत होईपर्यंत आत न जाणं. पण सपोर्टपेक्षा सिक्वेन्स, म्हणजे माल काढायचा क्रम, महत्त्वाचा. दोन बाजूंनी खात येऊन मध्ये लहान होत जाणारा पिलर सोडला तर सगळा दाब त्याच्यात जमा होतो, त्यामुळे मधून बाहेर जा.

पाणी

फॉल्टजवळ (दगड सरकलेल्या मोठ्या भेगेजवळ) जाताना पुढे प्रोब होल, म्हणजे अंदाज घ्यायचं भोक, मारल्याशिवाय ब्लास्ट नको, आणि प्रेशरचं पाणी असायची शक्यता असेल तर स्टँडपाइप आणि व्हॉल्व्ह बसवूनच. पाणी लागल्यावर ग्राउट करण्यापेक्षा लागायच्या आधी ग्राउट करणं कितीतरी सोपं, वाहत्या पाण्यात सिमेंट थांबतच नाही. ग्राउटिंगने पण भागत नाही तिथे फ्रीझिंग. कॅनडातल्या सिगार लेक युरेनियम खाणीत ओअर सुमारे ४५० मीटर खोल, वर पाण्याने भरलेला वालुकाश्म. तिथे २००६ च्या ऑक्टोबरमध्ये फॉल होऊन पाणी घुसलं आणि खाण बुडाली, उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडलं. आता थंड ब्राइन (खारं पाणी) फिरवून ओअर गोठवतात, खालच्या चांगल्या दगडातल्या ड्रिफ्टमधून पाण्याच्या जेटने वरचं ओअर कापतात आणि पोकळी काँक्रीटने भरतात, म्हणजे ओअरमध्ये माणूस जातच नाही.

मोजत राहा, आणि पडलंच तर

दगड किती हलला यापेक्षा कोणत्या वेगाने हलतोय ते बघा. रोज कमी कमी होत जाणारी हालचाल चालते, स्थिर वेगाने चालू असेल तर सपोर्ट अपुरा, आणि वेग वाढत असेल तर माणसं बाहेर काढा, कारण शोधणं नंतर. कोळशाच्या खाणीतलं टेल-टेल यासाठी झकास आहे, छतातून लोंबणारे दोन रंगीत पट्ट्यांचे इंडिकेटर, एक बोल्टच्या उंचीतली हालचाल दाखवतो, दुसरा बोल्टच्या वरची. दुसरा हलायला लागला तर तेच बोल्ट अजून मारून उपयोग नाही, लांब केबल लागतील.

फॉल झालाच तर पहिली प्रतिक्रिया ढिगारा उपसायची असते, तीच टाळा. तो ढिगारा बऱ्याचदा फेसला आणि ब्रोला टेकू देऊन असतो, आणि खालून काढत गेलात तर वरून तितकंच येत राहतं, पोकळी उंच होत जाते. आधी मागे चांगल्या ग्राउंडपर्यंत जाऊन तिथला सपोर्ट डबल करा, ब्रोला बोल्ट आणि शॉटक्रीट मारा, ढिगाऱ्याच्या तोंडावर शॉटक्रीटचा थर देऊन तो बांधून घ्या, वरची पोकळी कळत असेल तर पाइपने फोम किंवा हलकं सिमेंट ग्राउट भरा. मग ढिगाऱ्यातून स्पायलिंग घालून थोडं थोडं, एका वेळी एका स्टील सेटपुरतं उपसत पुढे जा, आणि पलीकडचा अख्खा दगड लागला तरी पहिले दोन-तीन राउंड छोटेच ठेवा.